वावळ्याला हात न लावणेबाबत

अहो, वावळा पडला. तुम्ही गेल्यावर तेविसाव्या दिवशी, सकाळी पावणेसातला, न्हाणीघरावर. पडला तर न्हाणीघरावरच पडेल, हे मी चार वर्षं सांगत होते. तुम्हाला तो रस्त्याच्या बाजूला कललेला दिसायचा आणि मला मागच्या बाजूला. एकाच अंगणात उभे राहून, एकाच झाडाकडे बघत होतो आपण.

मी चहाचं आधण ठेवत होते. आधी जाड कापड टरकावल्यासारखा आवाज आला, तो मुळांचा असणार. मग क्षणभर काहीच नाही, आणि मग पत्रे, विटा, वरची काळी टाकी, सगळं एकदम. टाकीतलं पाणी मागच्या दाराखालून स्वयंपाकघरात शिरलं. आई खोलीतून म्हणाल्या, "काय पडला गो?"

"वावळा."

"सांग आता त्याला," त्या सवयीने बोलून गेल्या. मी फडकं घेऊन पाणी काढायला बसले.

तर सांगते.

तुम्ही गेल्यापासून घरी येणारा प्रत्येक माणूस तुम्हाला भला माणूस म्हणतो. कंपनीतले लोक म्हणाले, त्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. खरं आहे. तुम्ही नाही कधीच म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणायचात, "राहू दे गो." मोरीचा नळ गळतोय, राहू दे गो. मागच्या दाराची कडी बसत नाही, दार पायाने उचलून धरावं लागतं, राहू दे गो. फ्रीज सुरू झाला की दारावरची बेल आपोआप वाजते, तर म्हणे राहू दे, घरात कुणी आल्यासारखं वाटतं. सत्तावीस वर्षांत मला तुमच्याशी एकदाही धड भांडता आलं नाही. भांडायला समोरून 'नाही' यावं लागतं. असलं भलेपण घरात राहणाऱ्या माणसाला किती जड जातं हे कंपनीतल्यांना कसं कळावं? त्यांच्याकडे दुरुस्तीला वेगळं खातं असतं. आणि त्या खात्यात तुम्ही होतात. तिथला बंद पडलेला पंप तुम्ही शिफ्ट संपायच्या आत सुरू करून द्यायचात.

वावळ्याशी माझं वैर होतं, असं विजयभाऊजी सगळ्यांना सांगतात. वैर नव्हतं, त्याच्यामुळे माझं काम वाढायचं. फाल्गुन लागला की त्याच्या त्या गोल, कागदासारख्या पापड्या सुटायच्या. पन्हाळीत पापड्या, टाकीत पापड्या, वाळत घातलेल्या वालांत पापड्या, आईंच्या अंबाड्यात पापड्या. मोरी तुंबायची ती त्यांनीच. पावसात साल भिजली की असा वास सुटायचा की पाहुणे घरात काही मेलंय का म्हणून इकडेतिकडे बघायचे. तुम्हाला तो वास कधी आला नाही. इतकी वर्षं केमिकल कंपनीत काढलेल्या माणसाला वासाबद्दल काय विचारायचं.

एक मात्र लिहून ठेवते, नाहीतर अन्याय होईल. तिसरी शिफ्ट करून तुम्ही साडेसातला यायचात आणि आंघोळीआधी वावळ्याखालच्या लोखंडी खुर्चीत चहा घ्यायचात. मला शाळेच्या ऑफिसात दहाला पोचायचं असायचं. मी पायरीवर बसून त्या दिवसाची यादी वाचून दाखवायचे, तुम्ही हं हं करत पापड्या सोलायचात आणि आतला इवलासा दाणा माझ्या तळहातावर ठेवायचात. चार-पाच दाणे जमले की मी यादी वाचायची थांबायचे. तेवढ्यापुरतं मला त्या झाडाबद्दल काही म्हणायचं नसायचं.

चार वर्षांपूर्वीच्या त्या मोठ्या वादळानंतर त्याच्या बुंध्याला चीर गेली. पुढच्या पावसात चिरेतून अळंबी उगवली. मी अर्ज लिहिला: घरामागील धोकादायक वावळ्याचे झाड तोडण्यास परवानगी मिळणेबाबत. घर तुमच्या नावावर, म्हणून सही तुमची हवी होती. पेन हातात दिलं तर तुम्ही ते खिशाला लावलंत.

"राहू दे गो. तो माझ्या आधीचा हाय."

तुम्ही दिलेलं कारण एवढंच. तुमच्या आधीचं या घरात बरंच काही होतं. ते आपण बदललंच की. दर वर्षी मे महिन्यात मी नव्या तारखेचा अर्ज लिहीत गेले. चारही अर्ज फायलीत आहेत. चारही बिनसहीचे.

आता दहाव्याचं. तुम्ही तिथे होतात की नव्हतात हे मला माहीत नाही, म्हणून सांगते.

नदी चढली होती, पिंड वरच्या पायरीवर ठेवला. कावळे तीन होते. एक खांबावर येऊन बसला, मान वाकडी करून बघत राहिला, पण खाली उतरेना. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. मग नेहमीचं सुरू झालं, त्याच्या मनात काय राहिलंय ते बोला, कुणीतरी शब्द द्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे झाले, हात जोडले, आणि जे खरं होतं ते सांगितलं. आईंना मी सांभाळेन, कुठे पाठवणार नाही. आपल्या मीनलच्या शिक्षणात काही कमी पडू देणार नाही. तुमच्या गावच्या देवीचं नेमाचं सगळं माझ्याकडून होत राहील. कावळा बघत राहिला. माझी यादी संपली. मागून कुणी बाई हळूच म्हणाली, "आणखी काय तरी असेल हो, आठवा."

मला आठवेना. सगळं मी आधीच करत होते. ज्याचा शब्द द्यावा असं करायचं काही माझ्याकडे उरलंच नव्हतं.

तेव्हा विजयभाऊजी पुढे आले. तुमचा हा धाकटा भाऊ पेणच्या गणपतीच्या कारखान्यातून थेट घाटावर आला होता, नखांत पिवळा रंग तसाच. त्यांनी डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाले, "दादा, वावळ्याला कुणी हात लावणार नाय. घरच्या सगळ्यांच्या वतीने शब्द देतो."

कावळा खाली उतरला. भाताला चोच लावली. बायकांनी डोळ्याला पदर लावले. एक जण म्हणाला, "झाडात जीव होता हो त्याचा."

मी तिथेच उभी होते. तुमची आई, तुमची मुलगी, तुमची देवी, सगळं घेऊन. आणि तुमचा जीव झाडात होता.

म्हणून तेविसाव्या दिवशी वावळा पडला तेव्हा मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू. मी मनात म्हटलं, हात कुणीच लावला नाही, आपण होऊन पडला, सुटला तो विषय. लगेच कामाला लागले. ग्रामपंचायतीत फोन केला, तलाठी येऊन पंचनामा करून गेले, फोटो काढले. पडलेलं झाड उचलायला मालकाची सही लागत नाही, असं कळलं. चार वर्षं जी सही मिळाली नाही तिची गरजच उरली नाही. रोह्याहून यंत्राची करवत घेऊन सलीमभाई यायला तयार झाले. दोन दिवसांत मोकळं करून देतो म्हणाले.

मग भाऊजींचा फोन आला. तुम्हाला त्यांची सवय माहीतच आहे, गाडीने निडी स्टेशन सोडलं की फोन: "वहिनी, निडी गेली, चहा टाका." चहा टाकला. ते आले, चहाला हात न लावता थेट मागच्या अंगणात गेले आणि आडव्या वावळ्याला दोन फेऱ्या मारल्या.

"वहिनी, हे जिवंत हाय."

"पडलंय, भाऊजी."

"पडलंय. पण अर्धी मुळं मातीत हायत. पानं बघा कशी ताजी. वरचा भार कमी केला आणि जेसीबीने उभं केलं तर धरेल. पावसाचे दिवस हायत."

"वरचा भार कमी केला म्हणजे तोडलंच ना?"

"छाटलं. छाटणं येगळं, तोडणं येगळं." मग खाली बघून म्हणाले, "शब्द दिलाय, वहिनी. शब्द मोडला तर दादा अडकेल."

"शब्द तुम्ही दिलात. माझ्या अंगणातला."

"मग तुम्ही का नाय दिलात? सगळी तुमच्याकडे बघत व्हती."

मी विचारलं, "आणि तोवर आईंनी आंघोळ कुठे करायची?"

"करू ना काहीतरी. तात्पुरतं."

तात्पुरतं. मागच्या दाराच्या कडीला तुम्ही तार गुंडाळली होती ती तात्पुरती. तिला आता नऊ वर्षं होतील. तुमच्या घराण्यात हा शब्द पिढ्यान्पिढ्या टिकतो.

पण मी गप्प बसले, कारण आई दारात उभ्या होत्या आणि 'दादा अडकेल' हे त्यांनी ऐकलं होतं. मुलगा गेल्याला महिना व्हायच्या आत, चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईसमोर, तो कुठे अडकेल की नाही यावर मी वाद घालणार नव्हते. भाऊजींना कारखान्यात परतायचं होतं, गणपतींचे डोळे लिहायचे, म्हणजे रंगाने आखायचे, राहिले होते. सलीमभाईंना मी थांबा म्हणून कळवलं. आई रोज सकाळी एका हातात छत्री, एका हातात काठी घेऊन, वावळ्याच्या फांद्यांना वळसा घालून शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात जायला लागल्या. मी मागून बादली घेऊन. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. मीही नाही.

तलाठ्यांनी जुन्या अर्जांच्या प्रती मागितल्या होत्या, झाड आधीपासून धोकादायक होतं हे दाखवायला. त्यासाठी मी फाईल काढली. दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्जाच्या मधे माझीच एक यादी निघाली. दोन वर्षांपूर्वीची. माझा पाय मोडला होता तेव्हाची.

ते सहा आठवडे मी विसरलेले नाही. माझं सगळं काम तुम्ही केलंत. डबा, आईंच्या गोळ्या, पाणी, बाजार. रोज संध्याकाळी माझ्या पलंगाशी बसून यादीवर एकेक बरोबरची खूण करायचात आणि कागद मला दाखवायचात. शाळेतल्या बाई भेटायला आल्या तेव्हा मी त्यांना तो कागद दाखवला होता. नवऱ्याचं कौतुक मी आयुष्यात दोन-तीनदाच केलं असेल, त्यातलं ते एक.

चौदा कामं होती. चौदा खुणा. सहावं काम, मोरीच्या नळाचा वायसर बदलणे. खूण आहे. नळ त्या दिवशीही गळत होता. मला हसू आलं. आणि मग नववं वाचलं. तुमचा ईसीजी, शनिवारी. समोर खूण, इतरांपेक्षा जरा ठसठशीत.

तुम्हाला माहीत आहे, या घरातल्या प्रत्येक माणसाचा प्रत्येक रिपोर्ट मी निळ्या फोल्डरमध्ये ठेवते. तुमचा तिथे नाही. मी दवाखान्यात जाऊन विचारलं. त्या शनिवारी तुम्ही आला नव्हतात. नंतरही नाही. आणि गेलात ते हृदयाच्या झटक्यानेच.

तुम्ही खोटी खूण केलीत. मला बरं वाटावं म्हणून केलीत, हे मला कळतं. पलंगावर पडलेल्या बाईच्या हातात चौदा खुणांचा कागद द्यायचा, की ती शांत झोपेल. मी शांत झोपलेही. पण अहो, वायसर आणि ईसीजी तुम्हाला सारखेच वाटले? दोन्हीला तोच 'राहू दे', फक्त या वेळी तोंडाने न म्हणता पेनाने म्हटलेला?

आणि मी. शिपाई टपाल देऊन आलो म्हणाला तरी पोच मागणारी मी. मी रिपोर्ट मागितला नाही. खूण दिसली आणि मी पुढच्या कामाला लागले. हे मी अजून मीनलला सांगितलेलं नाही. कुणालाच सांगितलं नव्हतं, भाऊजींना सांगितलं तोवर. ते पुढे येईल.

झाड पडल्यावर सहाव्या दिवशी आई शेजारच्या अंगणात घसरल्या. हाड मोडलं नाही, हाताचं सालपट निघालं. मी हळद लावत होते तेव्हा इतक्या दिवसांनी त्या बोलल्या.

"इजाने शब्द काय दिला व्हता? नीट सांग."

"वावळ्याला कुणी हात लावणार नाही."

"हात?"

"हो, हात."

"मग मशीन लाव."

त्यांनीच मला भाऊजींना फोन लावायला सांगितलं. पलीकडून भाऊजी म्हणाले, "आई, असं नसतं गो. शब्द म्हणजे शब्द."

"मला नको शिकवू. त्याला मी जन्म दिलाय. लहानपणी गूळ खाऊ नको म्हटलं तर काकवी प्यायचा आणि सांगायचा, गूळ नाय खाल्ला. शब्दातून वाट काढायची त्यालाच कळायची. आज मी काढली तर त्याला राग येनार हाय?"

मग भाऊजी म्हणाले, "रविवारी येतो."

रविवारी सलीमभाई आले. फांद्या उतरवल्या आणि बुंध्याला करवत लावली. वीतभर आत गेल्यावर करवत एकदम सैल झाली, आणि भुसा पडायचा थांबून काळी माती पडायला लागली. सलीमभाईंनी यंत्र बंद केलं, आत हात घातला तो कोपरापर्यंत गेला.

"ताई, हे आतून कधीच संपलेलं. चार-पाच वर्षं तरी झाली. कुनी सांगितला नाय का?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

एवढंच म्हणाले. चार वर्षं या क्षणाची मी वाट बघत होते असं म्हटलं तरी चालेल. मनात पुष्कळ वाक्यं तयार होती. पोकळ बुंधा दाखवून तुम्हाला काय काय म्हणायचं, ते सगळं. माझं बरोबर निघालं आणि ऐकवायला समोर सलीमभाई.

भाऊजी शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "दादासारखंच, वहिनी. बाहेरून हिरवागार."

"भाऊजी, हे वाक्य पुन्हा बोलू नका. झाड तपासून घ्या म्हणून मी सांगितलं होतं. त्यांनाही, स्वतःला तपासून घ्या म्हणून सांगितलं होतं." आणि तिथेच उभ्या उभ्या मी त्यांना खुणेचं सांगितलं. सगळं. मी रिपोर्ट मागितला नाही हेसुद्धा.

ते ओंडक्यावर बसले. नखांत आता निळा रंग होता. म्हणाले, "मला पण सांगितला व्हता त्याने. ईसीजी काढला, कायसुद्धा नाय निघाला, म्हणून. नागोठण्याला लग्नात भेटला तेव्हा. मी म्हटला, बरा झाला."

मग उठले, बाह्या वर केल्या आणि फांद्या ओढून कुंपणाशी नेऊन टाकायला लागले. हात न लावण्याचा शब्द दिलेल्या माणसाने पहिला हात लावला. मी टोमणा मारला नाही. मारता आला असता.

आता मागचं अंगण मोकळं आहे. न्हाणीघराच्या भिंती उभ्या राहिल्या, पत्रे यायचेत. मोरीचा वायसर मी बदलून घेतला, पाच मिनिटांचं काम होतं. स्वयंपाकघरात सकाळी इतका उजेड येतो की भिंतीवरचे तेलाचे डाग दिसायला लागलेत. आई तिथे पाट घेऊन बसतात आणि वाल सोलतात. परवा सोलता सोलता म्हणाल्या, "तू त्या कावळ्याचा मनाला लावून घेतलास ना?"

मी सोललेल्या वालांचं ताट पुढे ओढलं.

"इजा सांगत व्हता, साडेदहा वाजून गेलेले. त्या वेळेला कावळा भुकेला असतो गो. तो कुनाचा पन भात खातो."

हे त्यांनी माझ्यासाठी म्हटलं. त्यांना स्वतःला ते म्हणायला किती जड गेलं असेल, त्यांचं त्यांना ठाऊक. आणि ते पटण्यासारखं आहे. वेळ झाली, भूक लागली, उतरला. मग वावळ्याचा काही प्रश्नच नव्हता. मग आईंना सांभाळीन, मुलीला शिकवीन, देवीचं करीन हे माझं बोलणं तुम्ही झाडापेक्षा हलकं धरलं नाहीत. मला इतके दिवस धुमसायचं कारण नाही. सगळं जागच्या जागी बसतं.

फक्त एवढंच होतं की मग त्या सकाळी तुम्ही तिथे नव्हतातच.

दोन दिवस मी हे उलटंसुलटं करून बघितलं आणि ठरवलं. आईंचं त्यांच्यापाशी राहो. मी असं धरणार आहे की तुम्ही खांबावर बसून माझं सगळं ऐकलंत, मान वाकडी करून, आणि शेवटी झाडाची बाजू घेतलीत. राग येतो. येऊ दे. माझं ऐकलं नाहीत, म्हणजे आला तरी होतात.